पहाटे साडेचारला उठून नेमकं काय साधणार?

ठाण्याहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्याचा सारांश इथे देते.

"वय एकोणचाळीस. घोडबंदर रोडला वाघबीळजवळ राहते, नोकरी ऐरोलीला. घरात नवरा, सासूबाई, सातवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. गजर पाचपासून तीनदा वाजतो, उठते साडेपाचला. पावणेसातला मुलीची व्हॅन येते. सात पन्नासला मी निघते. नवरा सव्वासातला उठतो आणि पावणेनऊला मुलाला शाळेत सोडून पुढे परळला जातो. तो वाईट नाही, सांगितलं की करतो. पण उठल्यापासून घराबाहेर पडेपर्यंत मी नुसती धावत असते आणि ओरडत असते. स्टेशनच्या बसमध्ये बसले की रडू येतं. गेल्या आठवड्यात मुलगी व्हॅनमध्ये चढताना म्हणाली, 'आई, सकाळी तू माझ्याशी बोलूच नकोस ना.' सासूबाई म्हणतात, आम्ही रॉकेलच्या रांगेत उभं राहून आठ माणसांचं करत होतो. रात्री ओटा आवरून दहा वाजतात, मग पावणेबारापर्यंत मोबाइलवर काहीतरी बघत बसते. दिवसातला तेवढाच वेळ माझा असतो. ऑफिसमधली एक जण साडेचारला उठते. योग, ध्यान, डायरी, चालणं, सगळं करून प्रसन्न चेहऱ्याने येते. मीही ठरवून पाहिलं. तीन-चार दिवस जमलं, मग आजारी पडले. माझ्यात शिस्तच नाही. साडेचारला उठायची सवय कशी लावू? पाळता येईल असा साधा दिनक्रम सांगाल का?"

प्रिय मैत्रीण,

पत्रासोबत तुम्ही एका मंगळवारची सकाळ वेळेसकट लिहून पाठवलीत, ते फार बरं केलंत. साडेपाच ते पावणेसात या सव्वा तासात चौदा पोळ्या, फरसबीची भाजी, चार डबे, दोनदा चहा, सासूबाईंची रिकाम्या पोटी घ्यायची गोळी, मुलीच्या दोन वेण्या, वॉशिंग मशीन, आणि पाणी जायच्या आत भरून ठेवलेल्या बादल्या. सहा बत्तीसची नोंद अशी आहे: 'आज चार्ट पेपर न्यायचाय म्हणाली. घरात नाही. ओरडले. वेणी अर्धी.' ही यादी वाचून तुमच्यात शिस्त नाही असं मी तरी म्हणू शकत नाही. एवढी कामं वर्षानुवर्षं रोज वेळेत होत आहेत, ती शिस्तीशिवाय होत नाहीत. तेव्हा तो शिक्का आधी पुसून टाका. तो असेपर्यंत पुढची प्रत्येक सूचना तुम्हाला आणखी एक शिक्षा वाटेल.

आता साडेचारचं बघू. तुम्ही पावणेबाराला झोपता आणि साडेपाचला उठता, म्हणजे पावणेसहा तास. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी २०१५ मध्ये तोवरचं संशोधन तपासून एकमताने सांगितलं की प्रौढ माणसाला रात्री किमान ७ तास झोप हवी. त्या हिशेबाने तुम्ही आत्ताच रोज सव्वा तास मागे आहात. साडेचारला उठलात तर पावणेपाचच तास उरतात. एवढ्या झोपेवर चौथ्या दिवशी अंग मोडून आलं तर त्यात मनाचा कच्चेपणा कुठून आला?

'लवकर निजे, लवकर उठे' ही म्हण आपण मुलांना पूर्ण सांगतो आणि स्वतःला फक्त तिचा दुसरा भाग लावतो. ऑफिसमधल्या त्या मैत्रिणीला एकदा सहज विचारा, ती किती वाजता झोपते आणि तिच्या घरी डबे कोण भरतं. कदाचित ती साडेनऊला आडवी होत असेल. कदाचित तिची मुलं मोठी झाली असतील. दुसऱ्याच्या सकाळचा आपल्याला फक्त शेवटचा भाग दिसतो, ऑफिसच्या दारातला.

तुम्ही ब्रह्ममुहूर्ताचाही उल्लेख केला आहे. परंपरेप्रमाणे तो सूर्योदयाआधी दोन मुहूर्त सुरू होतो, आणि एक मुहूर्त ४८ मिनिटांचा. आपल्याकडे मेअखेर-जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, जानेवारीच्या मध्याला सव्वासातला. म्हणजे ही वेळ जूनमध्ये साडेचारच्या आसपास येते आणि जानेवारीत पाच-चाळीसच्या आसपास. ती सूर्याबरोबर सरकते. आणि ज्या घरांत ती पाळली जायची, ती घरं दिवेलागणीनंतर लवकरच निजलेली असायची. ज्यांना ते जमतं, मानवतं, त्यांनी ते जरूर करावं. तुम्ही आज करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तीनदा वाजणारा गजरही एकदाच लावा, खरोखर उठायच्या वेळेचा. पाच ते साडेपाच तुम्ही झोपेतही नसता आणि जाग्याही नसता. त्या अर्ध्या तासाचा कोणालाच उपयोग नाही.

मग सकाळ शांत कशाने होईल? तुमचा मंगळवार मी पुन्हा वाचला आणि त्यातली कामं बाजूला ठेवून फक्त प्रश्न मोजायला लागले. कोणती भाजी? मुलाचा आज पीटीचा ड्रेस की साधा? मोजे कुठे? किल्ली कोणी घेतली? सासूबाईंची गोळी दिली का? इस्त्रीचे कपडे आले का? मला आज मीटिंग आहे, मग कुठला ड्रेस? पोळ्या लाटणारे हात सवयीने चालतात, त्यांचा इतका शीण होत नाही. शीण होतो तो हे सगळं एकाच डोक्यात धरून ठेवण्याचा. शिवाय झोपेतून उठल्यावर मेंदू लगेच पूर्ण जागा होत नाही. साधारण अर्धा तास, कधी जास्तही, लक्ष आणि निर्णयाची ताकद मंद असते, आणि झोप अपुरी असेल तर हा जडपणा वाढतो. म्हणजे दिवसातले सगळ्यात जास्त निर्णय तुम्ही नेमके अशा वेळी घेता, जेव्हा ते घेणं सगळ्यात अवघड असतं. साडेचारला उठलात तरी हे प्रश्न तुमच्याबरोबर साडेचारला उठतील.

म्हणून माझी पहिली सूचना रात्रीची आहे. ओटा आवरायच्या आधी, सगळे जेवायला बसलेले असतानाच, उद्याचे प्रश्न संपवून टाका. उद्या भाजी कोणती, कोणाला काय न्यायचं आहे, कोणाची वेळ वेगळी आहे. पाच मिनिटांचं बोलणं आहे. त्यानंतर मुलांनी आपापलं दप्तर भरून, गणवेश मोज्यांसकट खुर्चीवर काढून ठेवायचा. सातवीतली मुलगी हे स्वतः करू शकते, दुसरीतला मुलगाही करू शकतो. पहिले काही दिवस तो चुकेल, चुकू द्या. तुमचे कपडे तुम्ही काढून ठेवा. मशीनमध्ये कपडे रात्रीच टाकून ठेवा, सकाळी पाणी आलं की फक्त बटण दाबायचं. भाजी चिरून फ्रिजमध्ये, कणीक मळून झाकून. रात्रीची कणीक सकाळी थोडी काळपट दिसते, पोळी चांगलीच होते. वरून तेलाचा हात फिरवा. घराच्या दाराशी एक खुंटी आणि खाली एक ट्रे. किल्ल्या, लोकलचा पास, ऑफिसचं ओळखपत्र घरात शिरल्या-शिरल्या तिथेच.

आणि कपाटातला एक छोटा डबा वेगळा काढा. त्यात दोन चार्ट पेपर गुंडाळी करून उभे, फेव्हिकॉल, स्केचपेन, दोन्ही मुलांचे पासपोर्ट फोटो, तपकिरी कागद, लेबलं आणि थोडे सुटे पैसे. शाळेतून ऐनवेळी येणाऱ्या मागण्या वर्षभर याच पाच-सहा वस्तूंच्या असतात. काही वापरलं गेलं की त्या शनिवारी भरून ठेवायचं. सहा बत्तीसची ती अर्धी वेणी या डब्याने पूर्ण झाली असती.

दुसरी गोष्ट मला तुमच्या वेळापत्रकात दिसली, ती बहुतेक तुमच्या लक्षात आली नसेल. तुमच्या घरातून लोक तीन वेळांना बाहेर पडतात: पावणेसात, सात पन्नास, पावणेनऊ. पण डबे मात्र चारही पावणेसातच्या आत भरून तयार असतात. तीन वेगवेगळ्या वेळांच्या गाड्या तुम्ही एकाच फलाटावर, एकाच वेळी उभ्या केल्या आहेत. पावणेसातच्या आत खरोखर लागतो तो फक्त मुलीचा डबा. तुमचा सात पन्नासला लागतो. नवऱ्याचा आणि मुलाचा पावणेनऊला, म्हणजे आणखी दोन तासांनी, आणि तोवर घरात दोन मोठी माणसं असतात ज्यांना डबा भरता येतो. भाजी एकदा झाली की प्रत्येकाने आपापला डबा भरायचा, आणि मुलाचा डबा त्याच्या बाबांनी.

(मुलाची शाळा नऊची आहे, हे एक बरं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला, मुलांची झोप पुरी व्हावी म्हणूनच. पाचवीपासून पुढच्या मुलांना तो लागू नाही. तुमच्या मुलीला त्याचा फायदा नाही, आणि तिच्याबद्दल मला वेगळं बोलायचं आहे.)

चौदा पोळ्यांचं काय करायचं? पोळ्यांना बाई ठेवता येईल, पण तुमच्या भागात त्या साधारण सातनंतर येतात. मुलीच्या डब्याला त्याचा उपयोग नाही, बाकीच्यांना आहे. मुलीसाठी आठवड्यातले दोन-तीन दिवस पोळी-भाजीऐवजी थालीपीठ, उपमा, इडली, मेथीचे पराठे असं काही ठरवून टाका, म्हणजे वारावरून डबा कळतो, विचार करावा लागत नाही. पोळीभाजी केंद्रातून एखाद्या संध्याकाळी पोळ्या आणल्या तर तुमच्या मनाला टोचेल, हे मला पत्रावरून जाणवतं. 'ताजं' हा शब्द तुम्ही अनेकदा लिहिला आहे. ताजी पोळी चांगलीच. पण मुलांच्या आठवणीत पोळीच्या ताजेपणाइतकाच ती देणाऱ्या आईचा आवाजही राहतो. आठवड्यातून दोन दिवस बाहेरची पोळी आणि घरात थोडी कमी आरडाओरड, असा व्यवहार मला पूर्ण मान्य आहे. खर्च परवडत नसेल तर हा पर्याय सोडा, वरचे बदल पैशाशिवायचे आहेत.

आता नवऱ्याबद्दल. 'सांगितलं की करतो' या वाक्यावर मी बराच वेळ थांबले, कारण अशा अर्थाचं वाक्य मला येणाऱ्या पत्रांत फार वेळा असतं. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोकांचा वेळ कुठे जातो याची पाहणी केली. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं त्यात आलं; मुळात घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच सुमारे एक चतुर्थांश होतं. या आकड्यांत हाताचं काम मोजलं आहे. कोणाला काय सांगायचं हे लक्षात ठेवण्याचं काम त्यात कुठेच नाही, आणि तुमच्या घरात ते सगळं तुमच्याकडे आहे. सांगितल्यावर केलेलं काम ही मदत झाली. तुम्हाला हवं आहे ते असं, की एखादं काम तुमच्या डोक्यातून पूर्ण निघून दुसऱ्याच्या डोक्यात जावं.

म्हणून सुटी कामं वाटू नका, अख्खं काम द्या. उदाहरणार्थ, दोन्ही मुलांच्या शाळेचं सगळं बाबांकडे. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे निरोप वाचणं, कपाटातला तो डबा भरलेला ठेवणं, व्हॅनवाल्या काकांचे पैसे, गणवेशाची इस्त्री, सहीच्या वह्या. ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडलात तरी चालेल. रात्री साडेआठनंतर आलेला निरोप त्यांनी बघितला नाही आणि मुलगी एखाद्या दिवशी चार्ट पेपरशिवाय गेली, तर जाऊ द्या. तुम्ही मागून हळूच भरपाई केलीत की ते काम पुन्हा तुमचं होतं. आणि त्यांची पद्धत वेगळी असेल, इस्त्रीची घडी तुमच्यासारखी नसेल. ती घडी बघून न बोलणं तुम्हाला जड जाईल, पण हे काम दुसऱ्याचं होण्याची किंमत तेवढीच आहे.

त्यांना उठायला सव्वासात होतात, कारण आत्ता त्यांना सातच्या आधी घरात काहीच काम नाही. व्हॅनपर्यंत मुलीला सोडायला आठवड्यातले दोन दिवस ते गेले तर साडेसहाला उठतील. हे बोलणं शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर करा. सकाळच्या घाईत केलेली कोणतीही मागणी भांडणासारखी ऐकू येते. बोलताना 'तू काहीच करत नाहीस' असं नको, ते खरंही नाही. तुमचा तो मंगळवारचा कागदच त्यांच्या हातात द्या आणि विचारा, यातलं कुठलं काम तू पूर्ण घेशील?

सासूबाईंच्या बोलण्यातली कळ मी समजू शकते. त्यांनी काढलेले कष्ट खरे आहेत आणि ते कोणी मोजले नाहीत, म्हणून त्या ते पुन्हा पुन्हा सांगतात. एकदा निवांत बसून त्यांना विचारा की त्या काळी सकाळ नेमकी कशी जायची. बहुतेक असं निघेल की तेव्हा घरात जावा होत्या, नणंदा होत्या, आणि सात पन्नासला घर सोडायचं नव्हतं. हे तुम्ही त्यांना ऐकवायचं नाही, त्यांनाच सांगू द्या. त्यांच्याकडे दुपारी वेळ असतो. भाजी निवडणं, शेंगा मोडणं, लसूण सोलून ठेवणं त्या आनंदाने करतील असं पत्रावरून वाटतं. फक्त 'मला जमत नाही म्हणून' असं न मागता 'तुमच्या हातची निवडलेली भाजी असली की माझं सकाळचं निभतं' असं मागा. त्यांची सकाळची गोळी मात्र त्यांच्याच उशाशी, आठवड्याच्या सात कप्प्यांच्या डबीत ठेवा, पाण्याच्या भांड्यासकट.

आता रात्रीचा तो मोबाइलचा वेळ. तो बंद करा, असं सांगणं सोपं आहे आणि चुकीचंही. दिवसभर घर, ऑफिस, प्रवास यांत तुमच्या वाट्याला तुम्ही स्वतः येतच नाही, म्हणून रात्री दहानंतर झोपेतून तो वेळ कापून घेता. ती गरज खरी आहे. फक्त तिची किंमत दुसऱ्या दिवशीच्या सकाळी भरावी लागते. माझं म्हणणं एवढंच, की तो वेळ थोडा पुढे ओढा. ओटा आवरणं हे आत्ता तुमचं एकटीचं काम आहे. जेवणं झाल्या-झाल्या सगळ्यांनी मिळून वीस मिनिटं हात लावला तर साडेनऊला स्वयंपाकघर बंद होतं. साडेनऊ ते साडेदहा तुमचा. त्यात मालिका बघा, वाचा, बहिणीला फोन करा, काहीच करू नका. साडेदहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि तुम्ही आत. साडेदहा ते साडेपाच, सात तास झाले. गजराला बाजारात मिळणारं साधं घड्याळ घ्या, म्हणजे फोन उशाशी ठेवायचं कारण उरत नाही. एकदम सव्वा तास अलीकडे येणं जमणार नाही. दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं सरका. संध्याकाळी साडेसहाला ऑफिसमधून निघताना तुम्ही चहा घेता, तो साडेचारला घ्या. चहातलं कॅफिन अर्धं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

आणि सकाळी तुमच्यासाठी काय? योग, ध्यान, डायरी, चालणं ही तुमची यादी मी वाचली. चारही गोष्टी चांगल्या आहेत. आत्ता त्यातली एकच घ्या, आणि तीही अशा ठिकाणी की वेगळा वेळ काढावा लागणार नाही. तुम्ही रोज पावणेसातला मुलीला व्हॅनपर्यंत सोडायला खाली उतरताच. व्हॅन वळली की तुम्ही लगेच लिफ्टमध्ये शिरता, कारण वर बाकीची कामं वाट बघत असतात. त्यातली काही आता दुसऱ्यांची झाली. तेव्हा लिफ्टकडे न जाता सोसायटीच्या आवारात दहा मिनिटं चाला. फोन वर ठेवून या. चप्पल असली तरी चालते, घरचा ड्रेस असला तरी चालतो. नवी सवय जुन्या, पक्क्या गोष्टीला बांधली की ती टिकायची शक्यता वाढते, आणि व्हॅन तर रोज येतेच. शिवाय सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की शरीराचं आतलं घड्याळ जुळतं आणि रात्री झोप वेळेवर येते. वर्षातले बरेच महिने पावणेसातला पुरेसं उजाडलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत नसतं, तेव्हा बसस्टॉपपर्यंतचं चालणं उन्हाच्या बाजूने करा. उपवन तलाव, तलावपाळी, येऊरचा रस्ता हे सगळं रविवारसाठी ठेवा, घरच्यांना घेऊन.

वर आलात की बसून चहा आणि काहीतरी खाणं. बसून, हे मुद्दाम सांगते. तुमच्या कागदावर तुमच्या स्वतःच्या खाण्याची एकही नोंद नाही.

मुलीबद्दल. ती बारा वर्षांची आहे, तुमच्या पत्राप्रमाणे सव्वाअकराला झोपते आणि पावणेसहाला उठते, म्हणजे साडेसहा तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला ९ ते १२ तास झोप लागते, आणि तेरानंतरही ८ ते १०. तुम्ही दोघी थकलेल्या असता आणि त्या थकव्यातच रोज सकाळी भेटता. 'बोलूच नकोस' हे तिचं वाक्य तुम्हाला लागलं, साहजिक आहे. पण तिला तुम्ही नको आहात असं त्यातून मला वाटत नाही. ती सकाळच्या सूचना थांबवायला सांगते आहे. 'उठ, आवर, दूध संपव, बूट घाल' या सूचनांशिवाय तुमच्या दोघींमध्ये सकाळी काही होतंय का, ते बघा. रात्रीच सगळं मांडून ठेवलं असेल तर यातल्या अर्ध्या सूचना लागणार नाहीत. बाकीच्या तिच्या भिंतीवरच्या घड्याळावर सोडा. वेणी घालताना गप्प राहिलात तरी चालेल, केसांतला हात तेवढा हळू ठेवा. आणि तिची झोपायची वेळ दहाच्या आत आणायला घर मिळून प्रयत्न करा. क्लास, गृहपाठ, टीव्ही यांतलं काय कमी करायचं हे तिलाच विचारून ठरवा. एखाद्या संध्याकाळी तिला सांगता आलं तर सांगा, की त्या दिवशी तू जे म्हणालीस त्याचा मी विचार करते आहे.

यातलं सगळं एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त रात्रीची तयारी आणि दाराशी ट्रे. ते अंगवळणी पडलं की डब्यांची वाटणी, मग झोपेची वेळ. लंडनच्या एका विद्यापीठात ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय आपोआप घडू लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फार बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा तीन-चार दिवसांत जमलं नाही म्हणून सोडून देऊ नका. पावसाळ्यात, परीक्षांत, पाहुणे असताना यातलं काही ना काही मोडणारच. त्या दिवसांसाठी दोनच गोष्टी पक्क्या ठेवा: रात्री दप्तरं भरलेली, आणि गजर एकदाच.

तुमच्यासारख्याच परिस्थितीत असलेल्या इतरांसाठी थोडं. ऑफिसात तासभर मागेपुढे यायची सोय असेल तर ती मागून घ्या, पण घरातल्या कामाची वाटणी केल्यानंतर. नाहीतर तोही तास ओट्यावर जातो. महापे-ऐरोलीकडे रात्रपाळी करणाऱ्यांनी 'सकाळ' म्हणजे आपली उठायची वेळ समजावी, मग ती दुपारी तीनची का असेना, आणि तयारी पाळीला जाण्याआधी उरकावी. एकटीने मुलं वाढवणाऱ्या मैत्रिणींना वाटणीचा सल्ला कोरडा वाटेल, हे मी जाणते. त्यांनी कामं वाटण्याऐवजी कमी करावीत: डब्याचे ठरलेले पाच प्रकार, इस्त्री न लागणारे गणवेश, शेजारच्या घराबरोबर आळीपाळीने मुलांना व्हॅनपर्यंत सोडणं.

शेवटचं आणि महत्त्वाचं. बसमध्ये येणारं रडू आणि सततचा थकवा दिनक्रमावर ढकलून मोकळ्या होऊ नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली होती. या महिन्यातच डॉक्टरांना दाखवा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. जेवणाला लागून चहा घेत असाल तर तासाभराचं अंतर ठेवा, चहामुळे अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. आणि झोप सुधारूनही दोन आठवडे रडू येतच राहिलं, कशातच मन लागेना, किंवा आपण नसतो तर बरं असा विचार एकदा जरी आला, तर थांबू नका. केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्याची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. घरात बोलायला मोकळीक नसेल तर ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन फोन करा.